दवंडी कोणी पिटायची? : वादळवारा, गाव आणि गावकूस

निसर्गाला जात नसते, हे वाक्य आपत्तीवरच्या प्रत्येक भाषणात येते. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून मला ते अर्धेच खरे वाटते. आभाळाला जात नसेल; पण आभाळ फाटते तेव्हा उघड्यावर कोण असतो, कोणाच्या डोक्यावर कसले छप्पर असते आणि वादळाची वर्दी घेऊन घरोघर धावायचे काम कोणाच्या माथी असते, या तिन्ही गोष्टी आपल्या गावगाड्याने जातीनेच ठरवून ठेवल्या होत्या. मराठवाड्याच्या इतिहासात दुष्काळावर पुष्कळ लिहिले गेले. १९७२ च्या दुष्काळावर तर कथा, कविता, अहवाल सारे आहे. वादळावर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. दुष्काळ वर्षभर दिसतो. वादळ अर्ध्या तासात येऊन जाते आणि मागे राहतो तो तलाठ्याचा पंचनामा. ज्यांचा पंचनामाही होत नाही, त्यांची नोंद कुठेच उरत नाही.

माझा जिल्हा हिंगोली. १ मे १९९९ रोजी परभणीतून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. उत्तरेला पैनगंगा, दक्षिणेला पूर्णा आणि मधून कयाधू. येथे वादळाचा हंगाम एक नसतो. फाल्गुनात गारा, चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस, मिरगाच्या तोंडावर विजा, आणि पाऊस परतताना पुन्हा विजा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, २०१४ साली, महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती शहरातले लोक विसरले असतील. मराठवाड्यातला रब्बीचा शेतकरी विसरलेला नाही. उभा गहू झोपला, हरभरा मातीत गेला, पाखरे झाडाखाली मरून पडली.

या गारांशी जोडलेला एक मनुष्य आपल्या इतिहासात आहे. त्याचे नाव गारपगारी. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात त्याची सविस्तर नोंद आहे. गारपगारी हा नाथपंथी. गावाच्या पिकावर गारा पडू न देणे ही त्याची नेमून दिलेली चाकरी. रात्री आभाळ धूर आणि जाळ एकत्र झाल्यासारखे तांबडे-काळे दिसू लागले की तो तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. विनवणी ऐकली नाही तर धमकी देई, की मी स्वतःला मारून घेतो. अंगावरची वस्त्रे टाकी. बायकापोरांनाही देवापुढे आणून उभे करी. पूर्वी तो अंगावर वार करून घेत असे, पुढे बोटातून रक्त काढण्यावर भागू लागले, असे हे लेखक सांगतात. मुलाचा बळी दिल्याच्या हकिकतीही ते नोंदवतात. नोंद मध्य प्रांत-वऱ्हाडची आहे. पण वाशीम आणि पुसद आमच्या शिवेला लागून आहेत आणि ढगाला निजामाची हद्द ठाऊक नव्हती.

इंग्रज अधिकाऱ्याला यात एक अजब चाल दिसली. आपल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना श्रद्धेचे मनोहर रूप दिसते. मला यात श्रमविभागणी दिसते. पीक सगळ्या गावाचे. सर्वांत मोठे पीक पाटलाचे. आणि ते वाचवण्यासाठी रक्त काढायचे कोणी, तर ज्याला सुगीला पसाभर धान्य मिळते त्याने! गारा पडल्या नाहीत तर देव पावला. पडल्या तर गारपगारी कमी पडला. गारपगारी अस्पृश्य नव्हता हे खरे. आज तो भटक्या जमातींच्या यादीत भराडी या जमातीखाली येतो. पण संकटाचा भार खालच्या पायरीवर ढकलण्याची रीत त्याच्याही वाट्याला आली.

आमच्या वाट्याला दवंडी आली. नदीला पूर आला, गावात पटकी आली, साहेबाची स्वारी येणार, सारा भरायची मुदत संपली, काहीही असो; ती खबर गावभर ओरडून सांगायची आणि वेळ पडल्यास रातोरात परगावी पोचवायची, हे महारकीतले काम. माझे आजोबा पोरवयात त्यांच्या वडिलांबरोबर हे करीत. निजामी राज्याची अखेरची वर्षे होती ती. आजोबा सांगत, आभाळ काळेनिळे झाले की चावडीवरून हाक यायची. मग खळ्यावर कोणाचे काय उघडे आहे ते सांगत, डफडे बडवीत, सबंध गावातून फिरायचे. गल्लीतून फिरायचे पण ओसरीवर चढायचे नाही. सगळ्या गावाला सांगून झाले की शेवटी आपल्या वस्तीकडे. तोवर वस्तीतली गवताची छपरे वाऱ्याने उचललेली असायची. "सांगणाऱ्याचं घर सगळ्यात आधी उडायचं," असे ते म्हणत आणि हसत. त्या हसण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

वतनाच्या कामाला ना वेळेची हद्द होती ना प्रकाराची. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हाच प्रश्न होता. तिकडे मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. आमच्याकडे हैदराबाद संस्थानाचा कारभार निराळा असल्याने कायद्याची वाटही निराळी होती. कागदावर काहीही असो, गावातली महारकी बाबासाहेबांच्या अनुयायांनी स्वतःहून टाकली. डफडे फेकून दिले. ते टाकलेच पाहिजे होते. हल्ली काही संस्था 'पारंपरिक पूर्वसूचना पद्धती' म्हणून दवंडीचे गोडवे गाताना दिसतात, तेव्हा त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की ती पद्धती ज्यांच्या पायांवर उभी होती, त्या पायांत वहाण होती काय?

आता निवाऱ्याकडे वळू. जुन्या गावात वादळात टिकेल अशी इमारत म्हणजे देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा. या तिन्हींची दारे कोणाला बंद होती हे सांगायला नको. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ दगडी आहे. त्याच देवळापुढून नामदेवाला मागे जायला लावले आणि मग देऊळच फिरले, ही आख्यायिका आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे. नरसी गाव याच जिल्ह्यातले. संताच्या भक्तीने देऊळ फिरत असेल. पावसात भिजणाऱ्या अस्पृश्यासाठी ते कधी फिरल्याचे ऐकिवात नाही. त्यात वस्तीची जागा. कुठे ओढ्याकाठी, कुठे उताराच्या टोकाला, जिथे गावाचे पाणी जाते तिथे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोलीत अतिवृष्टी झाली आणि कयाधू पात्राबाहेर आली. नदीकाठच्या गावांत हिंडताना पाणी आधी कुठे शिरले असे विचारा. बोट ज्या दिशेला जाईल ती दिशा मनुस्मृतीच्या काळापासून बदललेली नाही.

एक वादळ माणसांनीही आणले होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड आणि तेव्हाचा परभणी जिल्हा यांत पुढे होते. ऐन पावसाळा होता, हे लिहिणारे सहसा विसरतात. छप्पर जळाल्यावर वर पाऊस होता आणि लोक रानात होते. माझी आजी म्हणायची, "पावसानं घर पडलं तर गाव बघाया येतं. गावानंच पाडलं तर कोण येईल?"

जगात इतरत्र निराळे घडले असे नाही. १९२७ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीला महापूर आला. ग्रीनव्हिल येथे हजारो काळे शेतमजूर बांधावर अडकले. त्यांना बोटींतून हलवण्याची सोय होती. पण मजूर एकदा गेले तर परत येणार नाहीत, या भीतीने कापूसमळ्यांच्या मालकांनी त्यांना जाऊ दिले नाही. छावणीतल्या काळ्या माणसांच्या गळ्यात चिठ्ठ्या अडकवून त्यांना राबवून घेतले. आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या मदत छावण्यांत दलितांना वेगळे काढले गेले. पाणी ओसरायच्या आधी जात वर आली होती.

आजचे चित्र काय आहे? आमच्या वसमत भागात हळद मोठी. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी, शिजवणी, वाळवणी. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उघड्यावर पसरलेली असते आणि नेमका तोच अवकाळीचा काळ. आभाळ गडगडले की मजूर बाया धावतात त्या ताडपत्रीकडे. आधी हळद झाकायची, मग माणसांनी आडोसा शोधायचा. आडोसा म्हणजे बहुधा बांधावरचे झाड, आणि वीज नेमकी झाडावर पडते. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात. त्यांत बहुतेक शेतात राबणारी असतात. तरीही मदतीच्या राष्ट्रीय यादीत चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी होती. वीज वर्षानुवर्षे नव्हती. महाराष्ट्राने ती राज्याच्या यादीत घेतली आणि मृताच्या वारसाला चार लाखांची मदत ठरवली. गावात मात्र अजून विचारतात, तो पायाळू होता का? म्हणजे विजेचा दोषही मेलेल्याचाच.

घरांचेही तसेच. गवत गेले, पत्रे आले. पत्रा नीट बसवायला आकड्याचे बोल्ट, लोखंडी चौकट, पैसा लागतो. तो नाही म्हणून पत्र्यावर दगड ठेवतात. वावधान सुटले की पत्रा उडतो आणि दगड खाली निजलेल्या पोरावर येतो. याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचे काय?

मग पंचनामा. पिकाच्या नुकसानीला सातबारा लागतो, घराच्या पडझडीला ग्रामपंचायतीचा नमुना आठ. मराठवाड्यातल्या भूमिहीन दलितांनी गायरान कसायला घेतले त्याला आता दोन-तीन पिढ्या झाल्या. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या लढ्यांनी त्या मागणीला देशभर तोंड फोडले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला. तरी असंख्य कुटुंबांच्या नावे सातबारा नाही. गारा गायरानावरही पडतात. भरपाई बांधाच्या पलीकडेच थांबते. बटईने कसणाऱ्याचेही हेच. २०१४ नंतर माझ्या एका चुलत्याने तीन महिने एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी त्याला सांगितले गेले, पीक तुझे असेल, जमीन तुझी नाही.

सूचनेचे तंत्र मात्र पुष्कळ पुढे गेले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर वीज टिपणारी यंत्रे बसवून 'दामिनी' हे मोबाइल ॲप काढले. वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना ते देते. काम उत्तम आहे. पण निंदणीला गेलेल्या बाईच्या कमरेला तो मोबाइल नसतो. असला तर घरी पोरांकडे असतो. सूचना उपग्रहापासून गावच्या शिवेपर्यंत आली आणि तिथे थांबली, कारण पुढचे शेवटचे अंतर पायाने जायचे आहे, आणि ज्यांच्या पायांवर ते लादले होते त्यांनी ते नाकारले. त्यांच्या जागी दुसरे कोणी आले नाही. गावाने डफडे आपल्या गळ्यात कधीच घातले नाही.

या ठिकाणी बांगलादेशाकडे पाहावे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसे मेली. त्यानंतर १९७२ पासून तिथल्या सरकारने आणि रेडक्रॉसने गावोगाव स्वयंसेवक उभे केले. कर्णा, निशाण आणि सायकल ही त्यांची साधने. १९९१ मध्ये मृत्यू सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. निवारे बांधले, अंदाज सुधारले, हे खरेच. पण दारात येऊन सांगणारा माणूस त्यात होता. आज त्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. ही दवंडीच आहे. फरक एवढा की ती जन्माने कोणाच्या गळ्यात बांधलेली नाही आणि सांगणाऱ्याच्या घरालाही निवाऱ्यात जागा आहे.

आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे. गावपातळीवर दवंडीचे काम मानधनाचे करावे, ते सर्व जातींच्या तरुण-तरुणींत पाळीने फिरावे आणि सूचना पहिली शेतातल्या मजुरांना व वस्तीला जावी, ही मागणी ग्रामसभेत मांडता येते. कार्यकर्त्यांनी काही साध्या गोष्टी पाठ कराव्यात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाड, उघडा मांडव, ट्रॅक्टर, तारेचे कुंपण यांच्याजवळ थांबू नये. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने काही होत नाही. श्वास आणि नाडी थांबली असेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करावी. त्याला शेणात पुरण्यात गेलेला वेळ म्हणजे त्याचा जीव. आणि मालकाला तोंडावर सांगावे की, हळद भिजली तर तिला पुन्हा वाळवता येईल.

आमच्या वस्तीत पक्के स्लॅब असलेली इमारत एकच आहे, बुद्धविहार. गेल्या उन्हाळ्यात पोरांनी वर्गणी काढून त्यावर वीजरोधक बसवला. तांब्याची पट्टी आणि जमिनीत कोळसा-मिठाचा खड्डा. पलीकडच्या गल्लीतल्या मातंग आणि धनगर घरांनीही वर्गणी दिली. गेल्या मिरगात पहिला गडगडाट झाला तेव्हा दारात कुलूप होते आणि किल्लीवाला तालुक्याला गेलेला. आता तीन किल्ल्या करायचे ठरले आहे. एक किल्ली पलीकडच्या गल्लीत द्यायची की नाही, यावर दोन बैठका झाल्या; तिसरी या पौर्णिमेला आहे.