नव्या मोटारसायकलचा विमा : पाच वर्षांचा की एकाच वर्षाचा?

दसरा, धनत्रयोदशी किंवा गुढीपाडव्याच्या दिवशी शोरूमसमोर हार घातलेल्या मोटारसायकलींची रांग लागते. त्याआधी महिनाभर घरात मायलेज, रंग, मासिक हप्ता आणि डाउन पेमेंट यांवर भरपूर खल झालेला असतो. विमा मात्र ‘ऑन रोड’ किमतीतील एक ओळ म्हणून येतो आणि विक्रेता पुढे करील त्या कागदावर सही होते. पुढे गाडी चोरीला जाते किंवा अपघात होतो, तेव्हा तो कागद पहिल्यांदा वाचला जातो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १४६ व्या कलमानुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यासाठी पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा घडल्यास चार हजार रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तृतीय पक्ष म्हणजे गाडीखाली सापडलेला पादचारी किंवा समोरच्या वाहनातील माणसे. मालकाच्या स्वतःच्या गाडीची मोडतोड वा चोरी यात येत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हे वेगळे संरक्षण लागते. दोन्ही एकत्र असतील, तर त्याला पॅकेज किंवा सर्वंकष पॉलिसी म्हणतात.

खरी गफलत येथेच होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सुरुवातीला त्यासोबत पाच वर्षांचे ‘ओन डॅमेज’ संरक्षणही दिले जात असे. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२० पासून अशा दीर्घ मुदतीच्या पॅकेज पॉलिसी बंद केल्या. परिणामी आज हाती पडणाऱ्या एकाच पॉलिसीत दोन मुदती असतात : तृतीय पक्ष विमा पाच वर्षे, स्वतःच्या गाडीचा विमा एकच वर्ष. पाच वर्षांची तारीख ठळक दिसते आणि मालक निर्धास्त होतो. वाहतूक पोलिसाने अडवले तरी कागद चालतो, त्यामुळे उणीव लक्षात येण्याचे कारणच नसते. दुसऱ्या वर्षी इमारतीखालून गाडी चोरीला गेली, तर मात्र या मालकाला एक रुपयाही मिळत नाही.

हप्त्याचा विचार गाडी निवडतानाच करणे श्रेयस्कर. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते, कंपनी नव्हे. तो इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांसाठी ३,८५१ रुपये, तर १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये पडत, कर वेगळा. म्हणजे १४९ आणि १५५ सीसीच्या गाड्यांत रस्त्यावर फारसा फरक जाणवला नाही, तरी विम्यात तो जवळपास दुपटीचा ठरतो. ३५० सीसीच्या पुढे हाच आकडा १५,११७ रुपये होता.

‘ओन डॅमेज’चा हप्ता कंपनीगणिक बदलतो आणि तो आयडीव्ही, म्हणजे गाडीच्या घोषित विमामूल्यावर ठरतो. कंपनीची विक्री किंमत एक लाख असेल, तर पहिल्या सहा महिन्यांचा पाच टक्के घसारा वजा होऊन नव्या गाडीचे विमामूल्य ९५ हजार धरले जाते. नोंदणी, रस्ता कर आणि विमा यांवर झालेला खर्च त्यात नसतो. दुसऱ्या वर्षी घसारा २० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. हप्ता कमी दिसावा म्हणून विमामूल्य खाली ओढण्याची क्लृप्ती सर्रास वापरली जाते. पाच-पन्नास रुपये वाचतात आणि चोरीच्या वेळी हजारो जातात. गाडी कर्जावर असेल, तर भरपाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्या संस्थेचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीच्या वेळी रबर, प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर निम्मा घसारा कापला जातो. आजच्या मोटारसायकलींत प्लॅस्टिक पुष्कळ असल्याने पहिली दोन-तीन वर्षे ‘झीरो डेप्रिसिएशन’ ही पुरवणी घेणे योग्य. पुराचे पाणी मूळ पॉलिसीत येते. मात्र पाण्यात बुडालेली गाडी किक मारून सुरू केल्याने इंजिन निकामी झाले, तर तो दावा सहसा नाकारला जातो. मुंबईकरांना २६ जुलै २००५ नंतर हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

डबलसीट बसणाऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. केवळ तृतीय पक्ष पॉलिसी असेल, तर मागे बसलेली व्यक्ती आपोआप त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. सर्वंकष पॉलिसीत तिची जबाबदारी कंपनीवर येते, असे नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केले. ज्या घरातील दुचाकीवर पत्नी, मुले किंवा आईवडील रोज मागे बसतात, त्या घराने ‘ओन डॅमेज’चे नूतनीकरण चुकवू नये, याचे हे मोठे कारण होय.

मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण बंधनकारक आहे. पण तेवढ्याच रकमेचा अपघात विमा आधीच असल्यास ते पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. जुनी स्कूटर विकून नवी गाडी घेणाऱ्याने तिचा ‘नो क्लेम बोनस’ नव्या पॉलिसीत आणावा. तो गाडीचा नसून मालकाचा असतो आणि ५० टक्क्यांपर्यंत जातो. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती कोणालाही करता येत नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून मगच निर्णय घ्यावा. नियमानुसार गाडीसोबत हेल्मेट मिळते, तेही मागून घ्यावे.

परवाना विनागिअर दुचाकीचा आणि गाडी गिअरची, असा प्रकार शहरांत बराच आढळतो. अशा चालकाचा नुकसानीचा दावा अडतो. चोरी झाल्यास त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद नोंदवून कंपनीला लेखी कळवावे. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली खरेदीच्या दिवसापासूनच जपून ठेवावी. तपास लागला नाही, तर पोलिसांचा ‘ए’ समरी अहवाल लागतो. दावा अन्यायाने फेटाळला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर मुंबई किंवा पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.