कुलाब्याच्या सुईपासून आदित्यपर्यंत

नाशिकहून भौतिकशास्त्रात एमएससी करून बाहेर पडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला अवकाश हवामान हे अगदी कोरे करकरीत क्षेत्र वाटते. आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला उडाले, पुण्याच्या आयुकाने त्यासाठी सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण बनवली, आणि सौरवादळ हा शब्द बातम्यांत रुळला. म्हणून हा कालपरवाचा धंदा, असा समज होतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र उलटे सांगतो. भौतिकीच्या माणसाला पगार देऊन सूर्याच्या लहरींचा हिशेब ठेवायला लावण्याचा उद्योग मुंबईत १८४१ मध्येच सुरू झाला. त्याचे मोल हुशारीपेक्षा न तुटलेल्या नोंदीवर ठरत आले आहे, आणि हे पेलणार असेल त्यानेच या वाटेला जावे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली. चुंबकीय वेध तिथे १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेचे काम होते. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे जेमतेम पंधराव्या वर्षी तिथे मदतनीस म्हणून लागले आणि सुमारे दहा वर्षे राहिले. पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झालेल्या केरूनानांची पहिली नोकरी ही होती. काम कंटाळवाणेच. टांगलेल्या चुंबकाची बारीकशी हालचाल दुर्बिणीतून पट्टीवर वाचायची, तापमान टिपायचे आणि आकडा वहीत उतरवायचा. तासातासाला, दिवसरात्र. गडबड दिसली की दर काही मिनिटांनी.

या कंटाळ्याचे फळ २ सप्टेंबर १८५९ ला पदरात पडले. (आदित्यच्या उड्डाणाची तारीखही तीच, हा निव्वळ योगायोग.) आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख झोत पाहिला होता. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळले. क्यू आणि ग्रीनिच इथल्या छायाचित्र-नोंदींची रेघ कागदाबाहेर गेली, पण कुलाब्यात माणसे डोळ्यांनी वाचत होती. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे साधारण चार टक्क्यांनी घसरला. हे आकडे छापलेल्या वार्षिक खंडात पडून राहिले. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी ते वर काढले, तेव्हा कुठे त्या वादळाची ताकद जगाला मोजता आली. यातले लखिना आणि अ‍ॅलेक्स भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले, म्हणजे कुलाब्याच्याच वारसदार संस्थेतले.

या आकड्यावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. इतकी खोल आणि इतक्या थोड्या वेळाची घसरण केवळ पृथ्वीभोवतीच्या वलय-प्रवाहाची नसावी, तीत आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, प्रवाहांचाही वाटा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. तासाची सरासरी धरली तर आकडा ८५० च्या आसपास उतरतो. मान्य. पण भांडणाला मुद्दल कोणी पुरवले? त्या दिवशी चोपडी लिहिणाऱ्यांनी. मार्च १९८९ च्या वादळाने क्यूबेकची वीज घालवली, त्याचा अशाच मापाचा आकडा ५८९ होता, हे शेजारी ठेवले की ८५० सुद्धा लहान वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: ही कारकुनी झाली, हिला संशोधन का म्हणायचे? याला उत्तर नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस देतात. १८९६ मध्ये ते कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने सुई बिघडणार, हे ओळखून त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. बांधकामात लोखंड नाही, दगड पोरबंदरचा. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या आकड्यांचा सांधा नव्यांशी बिनचूक जुळावा. ट्राम १९०७ मध्ये धावली. मग १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन खंडांत छापल्या आणि वादळानंतर क्षेत्र कसे सावकाश सावरते हे त्यांतून दाखवले. साठ वर्षांच्या वह्यांशिवाय हे शक्यच नव्हते. कारकुनी आणि संशोधन यांतली भिंत इथे फारशी जाड नाही.

तिसरा प्रश्न नाशिककराचाच: वीस अंश अक्षांशावर आपल्याला सौरवादळाचे काय? वीजवाहिन्यांचा धोका उत्तरेकडच्या देशांइतका नाही, हे खरे. पण उपग्रहांचे संकेत ज्या आयनांबरातून येतात ते विषुववृत्ताजवळ सर्वांत खट्याळ असते. तिथले विद्युतकण उसळून दोन्ही बाजूंना साचतात, आणि भारतावरचा तो दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळकडे, नाशिकच्या थोडा उत्तरेला असतो. वादळात तो सरकतो, मग उपग्रहांवरून काढलेले ठिकाण चुकते. विमानांसाठीच्या आपल्या गगन यंत्रणेला याच गोष्टीशी झुंजावे लागले. युरोपची सूत्रे इथे जशीच्या तशी चालत नाहीत, म्हणून इथे माणसे लागतात.

जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला आहे. तिचे एक केंद्र कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरची खगोलभौतिकी संस्था, इस्रो, आयुका. यादी फार लांबत नाही. नेट, गेट किंवा जेस्ट, मग पाचसहा वर्षांची पीएचडी, आणि तिथूनही कायम जागेची हमी नाही. झटपट नाव व्हावे असे ज्याला वाटते त्याने दुसरीकडे पाहावे. ज्याला आकड्यांची चिकाटी आहे त्याने पनवेलच्या संस्थेची नानाभाई मूस पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ध्यानात ठेवावी. आणि एकदा अलिबागची वेधशाळा पाहून यावी; जगभरच्या मोजक्या केंद्रांच्या नोंदींवरून वादळाची तीव्रता मिनिटामिनिटाला काढतात, त्यांत अलिबाग आजही आहे.