पार्थिव : गिरगावच्या मृण्मूर्तींविषयी

‘पार्थिव’ हा शब्द मराठीत दोन प्रसंगी हमखास भेटतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पुजला जातो तो पार्थिव गणपती, आणि माणूस गेल्यावर मागे उरते तेही पार्थिव. दोहोंच्या मुळाशी पृथ्वी आहे. गिरगाव चौपाटीवर या दोन्ही अर्थांची गाठ पडलेली दिसते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या पार्थिवावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. आणि ज्या उत्सवाच्या सार्वजनिक रूपाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या उत्सवातील मूर्तीही याच किनाऱ्यावरून समुद्राच्या स्वाधीन होत आल्या आहेत.

आपल्याकडे शिल्पकलेचा इतिहास लिहिताना लेण्यांपासून सुरुवात होते आणि मग थेट १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेपाशी आपण येतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दरवर्षी घडणारे आणि मोडणारे शिल्प या इतिहासात बसत नाही. खरे तर भाद्रपदातील ते चार-पाच दिवस म्हणजे निसर्गाच्या अवशेषांतून उभे राहिलेले एक सलग प्रदर्शनच असते. तृतीयेला हरतालिकेसाठी बायका वाळूचे शिवलिंग करतात. चतुर्थीला मातीचा गणपती येतो. मग येतात गौरी. कुणाकडे त्या पाणवठ्यावरून मुक्याने आणलेल्या पाच किंवा सात खड्यांच्या, कुणाकडे तेरड्याच्या रोपांच्या. कोकणातून पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसांनी हे सारे आपल्याबरोबर गिरगावात आणले. वाळू, माती, खडे, रोपे यांपैकी एकही वस्तू टिकावी अशी अपेक्षा कुणी केली नाही. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची किंचित हलवली, की देवत्व निघून जाते आणि उरते ती केवळ माती, असा आपला संकेत आहे. पाश्चात्त्य कलेत अँडी गोल्ड्सवर्दीसारखा शिल्पकार पाने, काटक्या आणि बर्फ यांतून विरून जाणारी शिल्पे घडवतो, तेव्हा आपण त्याचे कौतुकाने विवेचन करतो. चाळीतल्या गौरीकडे मात्र ‘शिल्प’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही.

या साऱ्याचा आधार होती शाडूची माती. ती भट्टीत भाजली जात नाही, केवळ वाळवली जाते. म्हणून पाण्याचा स्पर्श झाला की तिचे कण पुन्हा सुटे होतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची प्रकृती नेमकी याच्या उलट आहे. जिप्सम हे खनिजही भूमीतूनच येते. पण ते तापवून त्यातील पाणी काढले जाते आणि मूर्ती घडवताना पुन्हा पाणी मिसळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. जे पाण्यानेच आकार धरते, त्याचा आकार पाणी सहजी कसा मोडणार?

या प्लॅस्टरची आपल्या कलाजगतातील कुळकथा विसरता येत नाही. गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६च्या सुमारास गाजली, ती प्लॅस्टरमध्ये घडवलेली होती. कलाशाळेत प्लॅस्टर आले ते आकार जपण्यासाठी, साचे आणि प्रतिकृती करण्यासाठी. विनायक पांडुरंग करमरकर हे सासवण्याच्या गणपती करणाऱ्या घरात १८९१ साली जन्मले. घरच्या मातीपासून निघालेला हा शिल्पकार १९२८ साली पुण्यातील शिवाजी महाराजांच्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत पोचला. नश्वर माध्यमाकडून टिकाऊ माध्यमाकडे झालेला हा प्रवास सुसंगत होता. विसंगती निर्माण झाली ती नंतर, टिकण्यासाठी असलेले माध्यम विसर्जनाच्या मूर्तीत शिरले तेव्हा. त्यामागे केवळ लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यात शाडू लवकर वाळत नाही, तडकतो, वजनाला जड पडतो. परळ-लालबागच्या मंडपांतील आणि पेणच्या कारखान्यांतील कारागिरांना साचा, हलकेपणा व वेग यांनी मोठा आधार दिला.

किंमत चुकती झाली ती चौपाटीवर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी मी तेथे गेलो आहे. वाळूत रुतलेला एक हात, सोनेरी मुकुटाचा तुकडा, रंग न उतरलेला एक डोळा. शास्त्रार्थाने तेथे देव नव्हता. तरीही पाय चुकवून चालावे लागत होते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास नाही; आणि जुलैत सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती मार्च २०२६पर्यंतची सवलत दिली. न्यायालयाला उंची फुटांत मोजावी लागली, हे आपल्या भक्तीवरचे भाष्यच आहे.

मात्र उंचीचा दोष सर्वस्वी प्लॅस्टरवर ढकलता येत नाही. गिरगावातच निकदवरी लेनमध्ये शाडूची भव्य मूर्ती उभी राहत आली आहे. आणि १८९३पासून उत्सव करणाऱ्या केशवजी नाईक चाळीने छोटी मूर्ती सोडलेली नाही. शिवाय शाडू तरी कुठे गिरगावचा? तो प्रामुख्याने गुजरातेतून येतो. कुठल्याशा भूमीचा थर खरवडून दुसऱ्याच समुद्रात सोडणे याला परत करणे म्हणावे काय? जुन्या रीतीत माती जवळची होती, मूर्ती ओंजळीएवढी होती आणि तिचे पाणीही ओळखीचे होते. ‘पार्थिव’ या शब्दात हे नाते गृहीत धरलेले आहे: जेथून घेतले तेथे, आणि घेतले तेवढेच, परत द्यायचे. मूर्तीचे द्रव्य बदलण्याचा आग्रह आपण जरूर धरावा. पण त्याबरोबर हे मापही पुन्हा शिकावे लागेल. ते शिकवायला गौरीचे पाच खडे अजून आपल्या घरात आहेत.