मूळ रूप आणि एक ठिगळ

वडील गेल्यानंतर त्यांच्या कपाटात दोन पुस्तके सापडली. एक पोस्टाच्या बचत खात्याचे, १९६६ सालचे. स्कूटरसाठी नंबर लावताना उघडलेले. दुसरे गाडीचे आरसी बुक, १९७४चे. मधली आठ वर्षे सांगलीच्या आमच्या घराने वाट पाहिली. गेल्या वर्षी ती चेतक पुण्यात एका जुन्या मिस्त्रींकडे पूर्ववत करायला दिली, तेव्हा या आठ वर्षांचा आणि पुढच्या चाळीस वर्षांचा संबंध माझ्या लक्षात आला.

वडिलांनी नंबर लावला होता व्हेस्पासाठी. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८पासून या गाड्या आयात करत असे. १९५९ साली त्यांना उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, पाठोपाठ इटलीच्या पियाज्जो कंपनीशी करार झाला आणि पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. पण गाड्या किती बनवायच्या हेही परवानाच ठरवी. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलन भरले तर गाडी लवकर मिळे. आमचे सगळे नातेवाईक मिरजेच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. १९७१ साली पियाज्जोशी झालेला करार संपला आणि १९७२मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. वडील रांगेत असतानाच गाडीचे नाव बदलले! अंगकाठी मात्र व्हेस्पा स्प्रिंटचीच राहिली.

ही अंगकाठी कोराडिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याची. युद्धात पियाज्जोचा विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर एन्रिको पियाज्जोने स्वस्त दुचाकीचे काम दास्कानियोकडे सोपवले. त्याला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. कपडे खराब करणारी साखळी त्याने काढूनच टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडले. पुढचे चाक एकाच बाजूने धरले, विमानाच्या चाकासारखे, म्हणजे पंक्चर झाल्यावर ते मोटारीच्या चाकासारखे सहज काढता येते. एप्रिल १९४६मध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट म्हणजे गाडीला वेगळा सांगाडाच नाही. दाबून आकार दिलेला पत्राच सगळा भार पेलतो. आपण जिला बॉडी म्हणतो, तीच चासी.

मिस्त्रींनी पाय ठेवायच्या जागेवरचे रबर उचलले आणि खाली एक वेल्डिंग केलेले ठिगळ निघाले. वीतभर लांब, कडा ओबडधोबड. पावसाचे पाणी रबराखाली साचून पत्रा सडला असणार. नवी गाडी घेणे म्हणजे पुन्हा रांग. म्हणून वडिलांनी तुकडा जोडून घेतला. सांगाडा असलेल्या मोटारसायकलवर असे ठिगळ म्हणजे डागडुजी. इथे ते मोडलेले हाड सांधण्यासारखे होते.

“साहेब, हे कापू. नवा फ्लोअर टाकतो, शोरूममधून आल्यासारखी होईल,” मिस्त्री म्हणाले.

मी तयारही झालो होतो. मग २०२१ची केंद्र सरकारची अधिसूचना वाचली. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना तिच्यात ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात, शुल्क वीस हजार रुपये. आमची गाडी २०२४मध्ये पात्र झाली. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसावा.

आता मूळ रूप कोणते? ठिगळ ठेवले तर बॉडीत फेरफार आहेच. कापून नवा पत्रा घातला तर फेरफार त्याहून मोठा, फक्त दिसणार नाही. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंद गॅरेजमध्ये जपलेल्या मोटारी असाव्यात, अशी मला शंका आहे. आपल्याकडच्या स्कूटरी हौसेने जपल्या गेल्या नाहीत. त्या टंचाईने टिकवल्या, आणि टंचाईत टिकणारी वस्तू दुरुस्त झाल्याशिवाय राहत नाही. १९७४चा अखंड पत्रा आज हवा असेल, तर ती गाडी कुणीतरी न वापरता ठेवलेली असायला हवी. आठ वर्षे थांबून मिळालेली गाडी कोण न वापरता ठेवेल?

हे सुचायला मला उशीरच झाला. त्याआधी उत्साहाच्या भरात डाव्या बाजूची डिकी मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढली होती. वरचा मरून रंग गेला, त्याखालचा पांढरा गेला, मग निळा, आणि शेवटी उघडा पत्रा. कोणता रंग कोणत्या वर्षीचा, हे सांगू शकणारा माणूस आता नाही, आणि थरही मीच धुळीत मिळवले. उजव्या बाजूला इंजिनवरच्या झाकणाच्या आत थोडा निळा शिल्लक आहे. तेवढा तसाच ठेवायला सांगितला.

ठिगळ कापले नाही. मिस्त्री नाराज झाले, पण त्यांनी कडांचा गंज काढला, खालून एक पट्टी देऊन जोड पक्का केला आणि वर नवे रबर बसवले. व्हिंटेजचा अर्ज मी भरलेला नाही. जुन्याच नंबराची मुदत वाढवून घेतली. ती पाच वर्षांची मिळते.