रखमानिनोव, डॉक्टर दाल आणि मनातला टीकाकार

नवी कल्पना सुचते, पण कागदावर उतरण्याआधीच मन म्हणते, ‘हे काही खरे नाही, लोक हसतील.’ आपण ती सोडून देतो. तुमच्या बाबतीत असे वारंवार होत असेल, तर सव्वाशे वर्षांपूर्वीची ही हकीकत जरूर वाचा.

रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव यांची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला सादर झाली. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. तालमी अपुऱ्या होत्या, प्रयोग साफ पडला. सेझार क्युई यांनी वर्तमानपत्रात झोडपून काढले. रखमानिनोव खचले. नव्या सिंफनीची टिपणे त्यांनी सुरू करून सोडून दिली. ऑपेराच्या वाद्यवृंदाचे संचालन ते करत होते, म्हणजे संगीताची जाण शाबूत होती. पण सुमारे तीन वर्षे मोठी रचना हातून झाली नाही.

१९०० च्या सुरुवातीला ते मॉस्कोतील डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे गेले. दाल संमोहनाने उपचार करत आणि स्वतः हौशी वादकही होते. काही महिने रोज बैठका झाल्या. त्यानंतर रखमानिनोव यांनी दुसरा पियानो कॉन्चेर्टो लिहिला आणि तो डॉ. दाल यांनाच अर्पण केला.

नोव्हेंबर १९०१ मधल्या प्रयोगाच्या काही दिवस आधी एका मित्राने पहिल्या भागावर शंका काढली. झाले! आपली सुरुवातीची सुरावटच फसली आहे, असे रखमानिनोव यांना वाटू लागले. म्हणजे चिंता गेली नव्हती. पण या वेळी त्यांनी रचना टाकून दिली नाही. ते स्वतः पियानोवर बसले आणि कॉन्चेर्टो गाजला.

चिंतेत मन धोका शोधत राहते. मग चार कल्पनांतून निवडताना ‘चांगली कोणती’ याऐवजी ‘टीका कमी कशावर होईल’ हेच आपण बघतो. यावर स्वतःविषयीची करुणा उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग सांगितले: स्वतःशी मायेने वागणे, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणे आणि दुखरी भावना न दडपता, न फुगवता पाहणे. २०१० च्या एका छोट्या अभ्यासात, स्वतःवर फार टीका करणाऱ्या विद्यार्थ्यांना अशा दृष्टीने विचार करायला लावल्यावर त्यांच्या कल्पनांत अधिक नावीन्य दिसले. दाल यांच्या काळी हे शास्त्र नव्हते, पण रुग्णाची अडचण हीच होती.

म्हणून कल्पना सुचली की लगेच निकाल देऊ नका. लिहून ठेवा, दोन दिवसांनी बघा. हीच कल्पना मित्राने आणली असती तर काय म्हणाला असता, ते स्वतःला म्हणा. चिंतेमुळे झोप, भूक किंवा रोजचे काम बिघडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. त्यात कमीपणा नाही.

आणि ती पडलेली सिंफनी? रखमानिनोव यांच्या मृत्यूनंतर, १९४५ मध्ये, ती मॉस्कोत पुन्हा वाजली. आजही वाजते.