डबल-डेकर

‘दुमजली गाडी’ हा सरळ मराठी शब्द हाताशीं असतांना मुंबईकरानें ‘डबल-डेकर’ कां पत्करला, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. ‘डेक’ म्हणजे मूळ डच भाषेंत आच्छादन. त्यावरून गलबताचें तूतक. झांकणें या अर्थाचा संस्कृत ‘स्थग्’ धातु त्याच कुळांतला मानितात, आणि आपला ‘ठग’ही बहुधा त्यापासूनच निघाला. म्हणजे डेक आणि ठग हे दूरचे भाऊबंदच! असो. इंग्रजींत हें नांव आधीं दोन तूतकांच्या जहाजाचें होतें. गाड्यांस तें मागाहून लाभलें.

लंडनमध्यें १८४७ सालीं घोड्यांच्या ऑम्निबसच्या टपावर बांकें बसविलीं गेलीं आणि तेथील भाडें निम्में ठेविलें गेलें. वर ऊन, पाऊस, धूळ, चढावयास शिडी. स्त्रियांनीं त्या शिडीवर पाय ठेवणें बरीच वर्षें अशिष्ट मानलें जाई. तात्पर्य, वरचा मजला मानाचा नव्हता, स्वस्ताईचा होता.

मुंबईंत मात्र उलट घडलें. येथें १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ सालीं विजेची. गर्दी मावेना, म्हणून १९२० सालीं दुमजली ट्राम आली व १९३७ सालीं दुमजली बस. या बसच्या वरच्या मजल्यावरील अगदीं पुढचें बांक म्हणजे मुलांचें सिंहासन. तें मिळावें म्हणून एखादी गाडी सोडून देणारे वडील आम्हीं पाहिले आहेत. खालीं जागा असूनही जिना चढणाऱ्या आजीबाईही पाहिल्या आहेत. चाळींच्या गॅलऱ्या तेथून डोळ्यांच्या पातळीला येत, आणि खिडकींतून वारा असा येई कीं तिकीट घट्ट धरावें लागे.

पुढें हा शब्द गाडीपुरता राहिला नाहीं. मुंबई-सुरत धांवणाऱ्या फ्लाइंग राणीला १९७९ सालीं दुमजली डबे लागले, तेही डबल-डेकरच. नागपुरास वर्धा रस्त्यावरील ३.१४ किलोमीटरांच्या पुलासही लोक हेंच नांव देतात. तेथें मध्यें मोटारी व वर मेट्रो धांवते. पण तळचा रस्ता धरल्यास मजले तीन होतात, हें कोणी मनावर घेत नाहीं!

ट्राम १९६४ सालीं बंद झाली. डिझेलवरील शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजीं निघाली, तेव्हां लोकांनीं ती फुलांनीं सजविली होती. विजेवरील नव्या गाड्या त्याच वर्षीं आल्या होत्या. त्या थंडगार आहेत. पण त्यांच्या खिडक्या उघडत नाहींत.