टीसीडी: मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी

आमच्या जरीपटक्यात डॉ. विंकी रुघवानी यांचं थॅलेसेमिया-सिकलसेल केंद्र आहे, त्यामुळे सिकलसेल हा शब्द इथे नवा नाही. पण त्यात लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो, हे किती जणांना माहीत असतं? मूल मस्त खेळत असतं आणि आत मेंदूची रक्तवाहिनी अरुंद होत जाते.

ते ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये, म्हणजे टीसीडीत कळतं. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथून साधारण २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतात. धावत्या रक्तपेशींवरून परतताना त्यांची फ्रिक्वेन्सी बदलते, त्यावरून मशीन वेग काढतं. पाइपचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं ना, तसंच. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त आला, तर धोका मोठा. अमेरिकेतल्या १९९८ च्या ‘स्टॉप’ अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला.

सुई नाही, रेडिएशन नाही. ‘एसएस’ प्रकार असलेल्या २ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी वर्षातून एकदा. मूल मात्र जागं हवं, झोपेत वेग वाढतो. मोबाईलवर कार्टून लावायला इथे माझी हरकत नाही.